एफ१०० वर स्पॉट मीटरिंग लावलं तर पांढरे कपडे मळकट का येतात?

घाटवाट:
सेकंडहँड निकॉन एफ१०० (फिल्मवाला कॅमेरा) घेतलाय, दिवे घाटात वारीला पहिला रोल मारला, अल्ट्रामॅक्स ४०० ही कलर निगेटिव्ह फिल्म. स्पॉट (फ्रेमच्या एका छोट्या ठिपक्यावरूनच उजेड मोजणं) सगळ्यात अचूक असं ऐकलेलं म्हणून अख्खा रोल स्पॉटवर. स्कॅन आले तर वारकऱ्यांची धोतरं, सदरे, टोप्या सगळं मळकट, सावलीत दाणेच दाणे, निगेटिव्ह उजेडात धरली तर अगदी पातळ, म्हणजे उजेड कमी पडलेली. एकाच फ्रेममध्ये काळं घोंगडं घेतलेले आजोबा आहेत ती मात्र जाड, उजेड जास्त पडलेली आलीये. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर गेलाय का? कुठला मोड कधी लावायचा सांगा प्लीज, बाबांची जुनी, हाताने फोकस करायची ५० एमएम एआय-एस लेन्सपण वापरायची आहे.

मॅन्युअलमोड:
मीटर ठणठणीत आहे, ती घोंगड्याची फ्रेमच सांगतेय. समोर पांढरं आहे की काळं हे मीटरला कळत नाही, जे दिसेल ते मध्यम करडं धरून तो एक्स्पोजर देतो. एफ१०० चा स्पॉट म्हणजे ४ मिमीचा गोल, फ्रेमचा जेमतेम १ टक्का, आणि तो निवडलेल्या फोकस पॉइंटबरोबर सरकतो, त्यामुळे फोकस सदऱ्यावर तर मीटरिंगपण सदऱ्यावरच, मग सदरा करडा करायला कॅमेऱ्याने उजेड कापला. घोंगड्यावर बरोबर उलटं झालं. पांढऱ्यावर स्पॉट घेतला तर दीड-दोन स्टॉप प्लस करा, काळ्यावर तेवढंच मायनस (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

आषाढात घाट हिरवागार असतो ना, मी त्याच उजेडातल्या गवतावर स्पॉट धरतो, एई-एल (मोजलेला उजेड लॉक करायचं) बटण अंगठ्याने दाबून ठेवतो आणि मग फ्रेम लावतो, गवत साधारण मध्यम टोनचंच असतं. गवत नसेल तर आपला तळहात आणि एक स्टॉप प्लस.

डार्करूम_कोल्हापूर:
मला हे चालत्या दिंडीत पटत नाही. दिंडी तुमच्यासाठी थांबत नाही, तुम्ही गवत शोधेपर्यंत टाळकरी पुढे गेलेले असतात. तिथे सरळ मॅट्रिक्स मीटरिंग लावा, तो फ्रेमचे १० भाग मोजून त्यांचा एकमेकांशी ताळा घालतो (१९८३ च्या एफए मध्ये निकॉनने हे पहिल्यांदा आणलं तेव्हा ५ च भाग होते). स्पॉट निवांत बसलेल्या माणसासाठी ठेवा. एआय-एस लेन्सला कॅमेऱ्याला माहिती देणारी चिप नाही त्यामुळे मॅट्रिक्स मिळणार नाही, सेंटर-वेटेड मिळेल, त्यात ७५ टक्के भर मधल्या १२ मिमी गोलावर असतो, आभाळ जास्त आलं की चेहरे काळे पडतात, म्हणून कॅमेरा जरा खाली झुकवून रीडिंग लॉक करायचं. आणि निगेटिव्ह फिल्म आहे तर ४०० ची फिल्म कॅमेऱ्यावर आयएसओ (फिल्मचा वेग) हाताने २०० वर सेट करून वापरा, एक स्टॉप जास्त उजेड ती आरामात सोसते. स्लाइड फिल्मला (जिच्यावर थेट पॉझिटिव्ह चित्र येतं) हे अजिबात करू नका, हायलाइट्स उडतील, म्हणजे उजळ भाग कोरे पांढरे होतील.

घाटवाट:
घोंगड्याचं लक्षातच आलं नव्हतं, खूप आभार दोघांचे. आत्ता फिल्म न घालता खिडकीत बघितलं, अ‍ॅपर्चर तेच ठेवून स्पॉटवर शटर स्पीड पांढऱ्या उशीला १/२५०, तळहाताला १/१२५, काळ्या छत्रीला १/१५. म्हणजे तळहाताला एक प्लस करून १/६० धरायचं ना?

मॅन्युअलमोड:
बरोब्बर. मॅन्युअलवर १/६० ठेवून तिन्ही काढा, उशी पांढरी येईल आणि छत्री काळी.