मदत हवी आहे: भर पावसात ठाण्यात पाहुण्यांना काय दाखवू?

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सोलापूरहून मावशी आणि तिचा दहा वर्षांचा नातू येतायत. मावशीचे गुडघे दुखतात, आणि पोराला इतिहासाचं भलतंच वेड. आल्या आल्या "ठाण्याचा किल्ला दाखव" म्हणणार! आता त्याला कसं सांगू की पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, बाहेरूनच भिंत बघायची.

सध्याचा बेत असा: सकाळी कौपिनेश्वराचं दर्शन, मासुंदा तलावाला छत्री धरून जमेल तेवढी चक्कर, मग मामलेदारची मिसळ (मावशीला मध्यमच, तिखट झेपणार नाही). नंतर स्टेशनवर उभं राहून त्याला १६ एप्रिल १८५३ ची गोष्ट सांगायची, बोरीबंदरहून १४ डबे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं इथवर आली ती. पण गोष्ट संपली की पुढे काय? फलाटावर गर्दीत किती वेळ उभं राहणार?

१८९३ सालच्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात सभासद नसलेल्यांना, त्यातही लहान मुलांना, थोडा वेळ बसू देतात का? रविवारी उघडं असतं का? दुपारी गडकरी रंगायतनला बालनाट्य असेल तर तेही कळवा. मॉल सुचवू नका, तो सोलापुरातही आहे.

आणि हो, जिने कमी असलेलं काही असेल तर आधी तेच सांगा. रिक्षा भर पावसात मिळाली तर मिळाली, त्यामुळे सगळं स्टेशनच्या आसपासच बघतोय.