पौलाची पत्रे कोणत्या क्रमाने वाचावीत?

प्रश्न (जिज्ञासू):
आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारक पौलाची, बायबलच्या नव्या करारातील पत्रे अभ्यास म्हणून वाचावयास घेतली आहेत. मात्र रोमकरांस लिहिलेल्या पत्रापासून आरंभ केल्यामुळे हा लेखक नेमका कोणाशी आणि कशावरून वाद घालतो आहे, हेच उमगत नाही. आधी ‘प्रेषितांची कृत्ये’ हा नव्या करारातील आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचा वृत्तान्त वाचून चरित्र समजून घ्यावे, की थेट पत्रेच वाचावीत?

प्रतिसाद १ (पूर्वपीठिका):
थेट पत्रेच वाचावीत, परंतु छापील क्रमाने नव्हे. तो क्रम काळाचा नसून साधारणपणे लांबीचा आहे. इ.स. 50 च्या सुमाराचे थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र आधी घ्यावे, मग गलती आणि करिंथ, आणि त्यानंतर रोम. पौलाच्या नावावर 13 पत्रे असली, तरी निर्विवादपणे त्याची मानली जातात ती 7. ‘कृत्ये’ हा ग्रंथ काही दशकांनंतरचा आहे. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अनुभवानंतर, म्हणजे ख्रिस्तदर्शनानंतर, आपण 3 वर्षांनी यरुशलेमेस गेलो आणि केफाजवळ (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याजवळ) 15 दिवस राहिलो, असे पौल गलतीकरांना देवाला साक्षी ठेवून सांगतो. ‘कृत्ये’ वाचताना हा काळ बराच कमी भासतो. अशा ठिकाणी पौलाचा शब्द प्रमाण मानावा.

प्रतिसाद २ (शिलालेख):
तत्त्व मान्य आहे, पण ‘कृत्ये’ बाजूला सारली तर कालगणनेचा आधारच जातो. करिंथ येथे पौलाला अखया या ग्रीसमधील रोमी प्रांताचा अधिपती गल्लियो याच्यापुढे उभे केले गेले, हे केवळ ‘कृत्यां’त आहे, पत्रांत गल्लियोचे नावही नाही. ग्रीसमधील डेल्फी येथील, रोमी सम्राट क्लौद्य कैसराच्या काळच्या शिलालेखात तो उल्लेखिलेला असल्यामुळेच पौलाचे करिंथमधील वास्तव्य इ.स. 51 च्या आसपास ठरवता येते. तुमचा ‘50 च्या सुमारास’ हा आकडाही त्यावरच उभा आहे!

प्रतिसाद ३ (नदीकाठ):
वाद कशावरून, हा मूळ प्रश्न मागे पडला. त्यासाठी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय सावकाश वाचावा. अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांच्या (यहुदी नसलेल्यांच्या) पंक्तीस बसणारा केफा, यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे येताच पंक्तीतून मागे सरला, आणि पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला. सुंता न करता परराष्ट्रीय माणूस देवाच्या प्रजेत पूर्णपणे सामावतो की नाही, हा प्रश्न तेथे पेटलेला होता. विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरण्याचा सिद्धान्त पत्रात लगेच त्यापाठोपाठ येतो. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक लूथरच्या चष्म्यातून पाहिल्यास हा वाद एकट्या माणसाच्या अपराधभावनेपुरता उरतो आणि यहुदी धर्म उगाचच कोरड्या कर्मकांडासारखा दिसू लागतो. पौलाने स्वतःचे इस्राएलीपण कधीच नाकारले नाही. म्हणूनच रोमकरांस पत्राकडे परत जाल, तेव्हा अनेक जण ओलांडून जातात ते इस्राएलाविषयीचे 9 ते 11 हे अध्याय वगळू नका.