कागदाइतका पातळ दिवा माणसानंच शोधला का?

गंजगोलाईकर: पुण्याच्या पाव्हण्याकडं ओएलईडीचा (म्हणजे कार्बनी पदार्थाच्या पातळ थरातून उजेड देणारा) दिवा बघितला, पुठ्ठ्यावानी पातळ, ना बल्ब ना ट्यूब, अख्खं पान उजळतंय. कंदील, बल्ब, ट्यूब, सीएफएल, सगळं पायरीपायरीनं आलं, मग हे एकदम कुठून? जुलै १९४७ ला अमेरिकेत रॉसवेलला परग्रहाची उडती तबकडी पडली म्हणतात अन् त्याच डिसेंबरात तिथल्याच बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा मूळ पुर्जा, निघाला. माझं मत, मूळ माल परग्रहावरचा, कंपन्यांनी उघडून नक्कल केली.

जालन्याचा वायरमन: दादा तारखा बघा ना. विजेनं खडा उजळतो हे हेन्री राउंडनं १९०७ ला छापलंय, सिलिकॉन कार्बाइडवर, म्हणजे रॉसवेलच्या ४० वर्षं आधी. अन् ट्रान्झिस्टरचं म्हणाल तर पहिला ट्रान्झिस्टर ज्याचा बनला त्या जर्मेनियमवर महायुद्धातच रडारसाठी काम चालू होतं.

गंजगोलाईकर: खड्याचं मान्य, मी पातळ पानाचं म्हणायलोय. इतकं पातळ करायचं सुचलं कामून?

परभणीची मास्तरीण: कारण पातळ केल्याशिवाय चालतच नव्हतं! १९६३ ला न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप यांनी अँथ्रासीन नावाच्या कार्बनी पदार्थाच्या स्फटिकातून उजेड काढला पण त्याला ४०० व्होल्टच्या आसपास लागायचे, घरात कोण लावणार. मग १९८७ ला कोडॅकच्या चिंग टँग अन् स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकावर एक चढवले, केसाच्या जाडीच्या शेकडो पट बारीक, अन् दिवा १० व्होल्टच्या आत लागला. थर बारीक झाला की कमी व्होल्टला तेवढाच जोर बसतो, बारावीचं फिजिक्स आहे.

गंजगोलाईकर: ताई, कंपनी सांगते तेच खरं धरायचं का? सरकारं काय काय दडवतात माहितीय.

जालन्याचा वायरमन: शंका घ्यायचीच तर दुकानात घ्या. आपल्याकडं ओएलईडी म्हणून गळ्यात मारायलेत ते स्लिम पॅनल मी कितीदा उघडलंय, कडंनं साध्या एलईडीची पट्टी, मधी बारीक ठिपक्यांचं अ‍ॅक्रिलिक, मागं पांढरी शीट, संपलं. त्याचे ओएलईडीच्या भावानं पैसे मोजू नका.

परभणीची मास्तरीण: मला राग कशाचा येतो सांगू? रशियाच्या ओलेग लोसेव्ह यांनी १९२० च्या दशकात खड्यातल्या या उजेडाचा चिकाटीनं अभ्यास केला, अन् १९४२ ला लेनिनग्राडच्या वेढ्यात हा माणूस उपासमारीनं गेला, वय फक्त ३८. त्याचं श्रेय उचलून तबकडीला द्यायचं?

गंजगोलाईकर: लोसेव्हचं वाचतो. पण रॉसवेलवर माझं मत अजून तेच हाय.