मदत हवी आहे: वेर्ण्यात नोकरी, बाळ फोंड्याला, काढलेलं दूध थंड कसं ठेवायचं?

26 आठवड्यांची रजा संपवून रुजू झाले आहे. औषध कारखान्यातली प्रयोगशाळा, कंपनीची बस धरून साडेदहा तास घराबाहेर. 50 किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघर आणि दिवसाला चार भेटी कायद्याने द्याव्या लागतात, हे एचआरला लेखी दिलंय; उत्तर ‘विचाराधीन’. तोवर बाळ सासूबाईंकडे. नाचणीचं सत्त्व सुरू आहे, पावडरचं दूध सध्या नको.

दूध काढायला खोली मिळाली, पण फ्रिज नमुन्यांचा, त्यात ठेवता येत नाही. 25 अंशांपर्यंत दूध चार तास टिकतं, आपल्याकडच्या उकाड्यात तेवढंही नाही. म्हणून थर्मल पिशवी. नीट गोठवलेल्या आइसपॅकसह 24 तास चालायला हवी, पण माझे दोन पॅक दुपारीच वितळतात, कारण दर वेळी कोमट दूध आत जातं. बाटली आधी गार पाण्यात धरली की थोडा फरक पडतो, पुरेसा नाही. घरी साठा करावा तर पावसात वीज जाते, आणि वितळलेलं दूध पुन्हा गोठवता येत नाही.

दुसरी अडचण: सासूबाई दूध थेट गॅसवर उकळतात. डॉक्टरांचा कागद दाखवून झाला. चवथ तोंडावर आहे, घरात वाद नकोत.

संध्याकाळी साडेसहापर्यंत थंड राहायला किती आइसपॅक, केवढी पिशवी लागते? आणि बाटली कोमट पाण्यात ठेवूनच गरम करायची, हे घरच्या मोठ्यांना कुणी कसं पटवलं?