मुरूडचा पद्मदुर्ग बघायचाय, मदत हवी आहे

डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन मुरूडला जातोय. जंजिऱ्याला राजपुरीहून होड्या मिळतात, कलाल बांगडी तोफ बघणं होईलच. पण माझा खरा जीव पद्मदुर्गावर आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी कासा बेटावर उभारलेला किल्ला! तिथल्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्या-लाटांनी झिजून आत गेलेत, मधला चुना मात्र अजून शाबूत, बाहेर आलेला. हे बाबांना दाखवायचंच आहे. मुरूडच्या कोळीवाड्यातून होडी ठरवता येते का? आधी कुणाची परवानगी लागते? भरती-ओहोटीची वेळ कशी साधायची? आईचे गुडघे दुखतात, होडीतून उतरणं तिला झेपेल का? आणि खोकरीच्या सिद्दी घुमटांपर्यंत रिक्षा जाते ना? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.