फ्रान्समध्ये सहा जणांची बाइक ट्रिप, ग्रुप तुटू नये म्हणून काय करायचं?

घोडबंदर_रायडर:
नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यातले सहा जण, रविवारी पहाटे माळशेजला जाणारा ग्रुप, पुढच्या जूनमध्ये दहा दिवस फ्रान्सला भाड्याच्या बाइकवर फिरायचं ठरलंय. पॅरिस नको, खेडी आणि घाटच बघायचेत. डोक्यात रूट दे ग्रांद आल्प हा आल्प्समधल्या घाटांचा रस्ता आहे, तोनोंपासून समुद्रावरच्या माँतोंपर्यंत, साधारण ७०० किमी. पण दोघं जण हळू चालवतात, त्यात गाडी उजवीकडून, रस्ते अनोळखी, कोणी मागे राहिला तर शोधायचा कुठे? कोणी जाऊन आलंय का?

वाशीकर_४३:
आम्ही पाच जण जाऊन आलो. दादा, हळू चालवणाऱ्यांना ओढू नका, ड्रॉप-ऑफ करा. लीडर आणि सगळ्यात शेवटचा, हे दोघं दिवसभर फिक्स. जिथे वळायचं तिथे लीडरच्या मागचा माणूस थांबतो, सगळ्यांना रस्ता दाखवतो आणि शेवटच्याच्या पुढे लागतो. म्हणजे कोणालाच पुढच्याला पकडायला पळावं लागत नाही, आमचा एकही जण चुकला नाही.

खरी भीती गावात वाटते. एका छोट्या गावात उजवीकडच्या बोळातून ट्रॅक्टर सरळ बाहेर आला, ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलंही नाही, मी कचकन ब्रेक मारला, मागचं चाक घसरलं, बाइक कशीबशी सावरली. चूक माझीच, कारण पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. टोकावर उभा पिवळा चौकोन दिसला की तुमचा रस्ता मोठा, तोच काळ्या रेघेने कापलेला दिसला की तुमचा हक्क संपला. आणि पंपावरून किंवा हॉटेलातून रिकाम्या रस्त्यावर निघताना हात आपोआप डावीकडे वळतो, मी टाकीवर टेपचा बाण चिकटवला होता, तो रोज सकाळी कामी आला.

खारघरची_स्नेहल:
जूनची तारीख जरा पुढे ढकला, महिन्याच्या शेवटाकडे जा. या रूटवरचा इझरां घाट २,७६४ मीटरवर आहे, गालिबिए घाट २,६४२, बर्फ हटेपर्यंत दोन्ही बंदच असतात आणि लवकर गेलात तर खालून वळसा घ्यावा लागेल, मग रूटचा जीवच गेला.
ग्लोव्हज कंपल्सरी आहेत, २०१६ पासून, आणि सीई (युरोपचा सेफ्टी मार्क) छापलेलेच, मागे बसणाऱ्यालाही. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट जवळ ठेवा. दुतर्फा रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी लिमिट ८० आहे, काही जिल्ह्यांत ९०, पाटी बघूनच चालवा. आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, ठाणे आरटीओतून काढा, वर्षभर चालतो, ओरिजिनल लायसन्सही सोबत हवं.
रविवारी खेड्यातल्या पंपावर माणूस नसतो, मशीनमध्ये पिनवालं कार्ड लागतं, म्हणून टाकी शनिवारीच फुल करा. आणि जेवायला बारा-साडेबारालाच बसा, दोननंतर किचन बंद. आम्ही अडीचला पोचलो होतो, पाचही जणांनी पाव आणि चीजवर दिवस काढला, तोही चर्चच्या पायरीवर बसून.

घोडबंदर_रायडर:
मनापासून थँक्यू दोघांनाही. ट्रॅक्टरचं ग्रुपवर टाकलं, सगळे गप्प झाले. या रविवारी माळशेजला ड्रॉप-ऑफ करून बघतो, त्या दोघांपैकी एकालाच लीडर करतो. स्नेहल ताई, २५ जूनच्या पुढचीच तिकिटं बघतोय.