बरोक म्हणजे नुसता भपका?

खर्ज: बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपच्या नटव्या शैलीतल्या चर्चमध्ये शिरलं की माझा जीव गुदमरतो. सोनं, ढगांवरचे देवदूत, पीळ दिलेले खांब. नजर टेकायला जागा नाही. रोम कशाला, जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चची वेदी बघा. संगीतात तेच. त्याआधीच्या रेनेसाँ काळातल्या पॅलेस्त्रिनाच्या ‘पोप मार्सेलस मास’ या चर्चच्या प्रार्थना-संगीतात एकाच वेळी सहा आवाज असतात, पण कुणी कुणाला ढकलत नाही. पुढे नुसती गळ्याची कसरत उरली. माझ्या मते रेनेसाँच उजवा.

छिन्नी: गोफणीने गोलिएथ या राक्षसी योद्ध्याला मारणाऱ्या डेव्हिडचे दोन पुतळे शेजारी ठेवून बघा. रेनेसाँतल्या मायकेलअँजेलोचा (1504) गोफण खांद्यावर टाकून उभा आहे, लढाई व्हायचीय. बरोकमधल्या बर्निनीचा (1624) कमरेतून पिळलाय, ओठ घट्ट आवळलेत, दगड सुटायच्या बेतात. समोर उभं राहिलं की गोलिएथ आपल्या पाठीमागेच असावा असं वाटतं. हा भपका?

खर्ज: कसब दांडगं, वादच नाही. पण मायकेलअँजेलोचा कितीही बघा, संपत नाही. बर्निनीचा पहिल्या क्षणात सगळं सांगून मोकळा. आणि त्याच्याच संत तेरेसाच्या मूर्तीवर लपवलेल्या खिडकीतून उजेड सोडायचा, हे शिल्प की नाटक?

उपद्व्यापी: आणि इंग्रज संगीतकार टॅलिसचं 40 आवाजांचं ‘स्पेम इन एलियम’ हे प्रार्थनागीत? तेही रेनेसाँचंच ना? तो साधेपणा का? 😀

गमक: भांडण जुनंच आहे. 1600 साली आर्तुझी या संगीतशास्त्रकाराने संगीतकार माँतेव्हेर्दीच्या मॅड्रिगलांतले (कवितेवर रचलेल्या अनेक आवाजांच्या गाण्यांतले) तुकडे छापून नियमभंगाबद्दल झोडपलं. माँतेव्हेर्दीचं नाव घेतलं नाही, आणि गाण्याचे शब्दही गाळले! त्यातल्याच ‘क्रुदा आमारिल्ली’त ‘हाय रे’ या अर्थाच्या शब्दांवर वरचा आवाज कसलीही पूर्वतयारी न करता खालच्या स्वराला थेट खटकतो. शब्द काढले तर ती चूकच दिसणार. तो खटका कानाला लागायलाच हवा, कारण गाणारा प्रेमात होरपळलाय. माँतेव्हेर्दीने 1605 मध्ये उत्तर दिलं, पण खरं उत्तर म्हणजे 1607 चा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा. अख्खं नाटक त्याने गाण्यावर पेललं.

खर्ज: त्या एका ‘हाय रे’साठी शंभर नियम मोडा. पण नंतरच्या ऑपेरात आरियाचा (एकट्याने गायच्या गाण्याचा) पहिला भाग पुन्हा गायचा, तोही आणखी हरकती घेऊन. तिथे कुठे राहिले शब्द?

गमक: दोन ओळींची बंदिश तासभर गाणाऱ्या बुवांना हे विचारलंत कधी?